सुती जॅकेट कायम दमट लागतं? आधी कॉलरला जीभ लावून बघा

तक्रार अशी आहे. जॅकेट सुती, पातळ, खास उन्हाळ्यासाठी घेतलेलं. काल दुपारी दोरीवर कडकडीत वाळलं होतं, रात्री खुंटीला लावलं. सकाळी हात घातला तर बाही गार, पाठ दमट आणि बगलेपाशी कुबट वास. स्कूटर सुरू करून पाच मिनिटं होत नाहीत तोच कॉलर मानेला चिकटते. दोनेक महिन्यांत कॉलरच्या आतल्या बाजूला काळे ठिपके येतात आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत जॅकेट लादी पुसायला गेलेलं असतं.

माझी अशी तीन गेली. मी देवबागला राहते, कामाला मालवणात. तारकर्लीवरून रोज जाऊन-येऊन बावीस-चोवीस किलोमीटर. एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला कर्लीची खाडी, मधे माडांच्या सावलीचे तुकडे. संध्याकाळी परतताना समुद्राकडून येणारं ऊन थेट हातांवर. "एवढ्या उकाड्यात जॅकेट कशाक?" असं विचारणाऱ्यांनी मे महिन्यात एक आठवडा उघड्या हातांनी हा रस्ता करून दाखवावा. पुण्याकडच्या मुली ज्याला सनकोट म्हणतात तेच हे. कुणी शर्टासारखं शिवून घेतं, कुणी चेनवालं तयार घेतं.

पहिलं जॅकेट बिघडलं तेव्हा वाटलं कापड जाड होतं. दुसरं त्याहून पातळ घेतलं. तिसरं तर मलमलीसारखं तलम. तेच सगळ्यांत आधी कुजलं. म्हणजे आपण चुकीच्या दिशेने चाललोय हे कळायला मला तीन वर्षं आणि तीन जॅकेटं लागली.

हवा दमट आहे, एवढं उत्तर पुरत नाही

कुणालाही विचारलं की हेच सांगतात: कोकणची हवा, काय करणार. पण याच घरात, याच खुंटीवर नवऱ्याचा सुती शर्ट सकाळी कोरडा असतो. पलंगावरची चादर कोरडी असते. हवा तर सगळ्यांना तीच.

दुसरा पुरावा पुण्याचा. तिसरं जॅकेट घेताना मी एकाच दुकानातून एकसारखी दोन घेतली होती, एक मला, एक कोथरूडच्या बहिणीला. तिचं अजून धडधाकट आहे. तेच कापड, तीच शिलाई, तीही रोज स्कूटरवर. तिकडे हवा कोरडी हे खरंच, पण मग माझ्या नवऱ्याच्या शर्टाचं काय? शर्ट आणि जॅकेट यांत फरक एवढाच की शर्ट रोज धुतला जातो आणि जॅकेट रविवारी. सहा दिवस अंगावरचा घाम आणि समुद्रावरून येणारा खारा तुषार जॅकेटमध्ये जमत जातो.

कोडं सोडवलं सासूबाईंनी, तेही भाजी निवडता निवडता. "अगो, पावसात मिठाच्या बरणीक पाणी सुटता मां? तसाच ह्या." मी उठले, खुंटीवरच्या जॅकेटची कॉलर जिभेला लावली. खारट. बाहीचं टोक, जे अंगाला लागतसुद्धा नाही, तेही खारट. मुलगा बघत होता. त्याने ही गोष्ट शाळेत सांगितली असणार, कारण त्याच्या बाई मला भेटल्या की अजून हसतात.

त्यामागचं कारण साधं आहे. हवेतली सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास पोचली की साधं मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि त्यातच विरघळतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं. ते त्याहून हावरट, साधारण ३३ टक्क्यांपासूनच पाणी खेचायला लागतं. आपल्याकडे रात्री आर्द्रता ७५च्या वर जाणं ही काही बातमी नव्हे. म्हणजे दुपारी जॅकेट वाळतं ते खरोखरच वाळतं, आणि रात्री त्यातलं मीठ ते पुन्हा ओलं करतं. शिवाय सूत स्वतःही पाणी धरतं: मध्यम आर्द्रतेत आपल्या वजनाच्या सात-आठ टक्के. पॉलिस्टर जेमतेम अर्धा टक्का. सुताचं हे पाणी हाताला कळत नाही आणि त्याचा त्रासही नाही, सूत अंगाला सुखद लागतं ते त्यामुळेच. मिठाने ओढलेलं पाणी मात्र लगेच कळतं.

विश्वास बसत नसेल तर दोन जुने सुती रुमाल घ्या. एक समुद्राच्या पाण्यात बुडवून पिळा, दुसरा गोड्या पाण्यात. दोन्ही भर उन्हात खणखणीत वाळवा आणि रात्री पडवीत शेजारी शेजारी टांगा. पहाटे हात लावून बघा. मी हे ऑफिसातल्या तिघींना करायला लावलं, तिघींनी दुसऱ्या दिवशी येऊन आधी स्वतःच्या ओढणीची चव घेतली.

"पण मी तर धुते!"

मीही धुवत होते. दर रविवारी, साबण लावून, घासून. म्हणून पहिल्यांदा सासूबाईंचं म्हणणं मला अर्धंच पटलं. मग लक्षात आलं की जॅकेट बिघडायला सुरुवात होते ती दरवेळी मार्च-एप्रिलात, आणि त्याच सुमारास आमच्या विहिरीचं पाणी मचूळ होतं.

देवबाग म्हणजे वाळूचा अरुंद पट्टा. त्या वाळूत पावसाचं गोडं पाणी खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं. उन्हाळ्यात उपसा वाढला की गोड्या पाण्याचा थर पातळ होतो आणि खालचं खारं वर सरकतं. प्यायला आम्ही दुसरीकडचं पाणी आणतो, त्यामुळे विहिरीच्या पाण्याची चव कुणी घेत नाही, आणि कपडे त्यातच धुतले जातात. मी दर रविवारी जॅकेटमधलं घामाचं मीठ काढून त्यात विहिरीचं मीठ भरत होते. शर्ट आणि चादरही त्याच पाण्यात धुतल्या जात होत्या हे खरं. पण त्या एकपदरी, आणि त्यांच्यात घामाचं नि तुषाराचं मीठ आठवडाभर साठत नाही. जॅकेटमध्ये तिन्ही मिठं एकत्र येत होती.

पाणी मचूळ आहे का हे ओळखायला उपकरण लागत नाही. साबण फेस धरत नाही, हात धुतल्यावर चिकट राहतात, तुरीची डाळ शिजायला नेहमीपेक्षा वेळ घेते. किनाऱ्यापासून आत, जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे दगडी पठारावर राहणाऱ्यांना हा त्रास सहसा नसतो. त्यांनी हा परिच्छेद सोडून पुढे जावं.

उपाय: धुवा कुठल्याही पाण्यात, पण शेवटचं खळबळणं गोड्या पाण्यात. मे महिन्यात गोडं पाणी उधळायची कुणाची छाती होत नाही, म्हणून हिशोब सांगते. पिळलेल्या जॅकेटमध्ये पावशेर-दीडपाव पाणी राहतंच, ३०० मिलिलिटर धरा. ते १० लिटरच्या बादलीत एकदा खळबळून पिळलं तर आत मीठ उरतं आधीच्या साधारण चौतिसाव्या हिश्श्याएवढं. तेच पाणी ५-५ लिटर असं दोनदा वापरलं, मधे एकदा घट्ट पिळलं, तर उरतं तीनशेव्या हिश्श्याहूनही कमी. पाणी तेवढंच, फक्त दोन हप्त्यांत. तिसरा हप्ता केलात तर तीन-तीन लिटरही पुरे.

पावसाळ्यात तर प्रश्नच नाही, पागोळ्यांखाली बादली लावा. कौलावरची पहिल्या दोन-तीन सरींची धूळ वाहून गेली की त्याहून गोडं पाणी मिळायचं नाही.

रोजचं म्हणाल तर संध्याकाळी घरी आल्यावर कॉलर, बगला आणि बाह्यांची टोकं एक तांब्या गोड्या पाण्याखाली धरून पिळायची आणि पंख्याखाली टांगायचं. साबण नको. दोन मिनिटांचं काम आहे. मी ते आठवड्यातून चारदा करते, बाकी दिवशी कंटाळा.

मीठ गेलं, तरी कॉलर ओलीच

हे सगळं केल्यावर पाठ आणि बाह्या कोरड्या राहायला लागल्या. कॉलर, खिशांची झाकणं आणि कमरेची पट्टी मात्र तशीच. तेव्हा मालवणच्या बाजारात माझे ब्लाउज शिवणाऱ्या शिंपीकाकांकडे जॅकेट घेऊन गेले. त्यांनी उलटं केलं, अस्तराची शिवण एका जागी उसवली, आत बोट घातलं आणि म्हणाले, "ताई, भायर कॉटन आसा, आत सगळा पॉलिस्टर. ह्या जॅकेट न्हय, ही पिशवी."

मलमलीसारखं पातळ म्हणून मी जे मिरवत होते त्याला आतून पूर्ण पॉलिस्टरचं अस्तर होतं. बाहेरचं कापड इतकं विरळ की अस्तराशिवाय ते उभंच राहिलं नसतं. घाम आधी अस्तराला लागतो, अस्तर तो शोषत नाही, दोन कापडांच्या मधे ओल कोंडते. कॉलरमध्ये तर कापड, ती ताठ राहावी म्हणून आत चिकटवलेला थर म्हणजे पेस्टिंग, पुन्हा कापड, त्यावर अस्तराची घडी. पेस्टिंग डिंकासारख्या थराने चिकटवलेलं असतं, त्यातून हवा जात नाही. खिशाच्या झाकणालाही तेच. कमरेला इलॅस्टिकची जाड रिब.

म्हणून दुकानात जॅकेट हातात घेतल्यावर मी आता पहिल्यांदा कापड चोळून बघत नाही, चिमूट घेते. कॉलर, खिसा, बटणपट्टी, कंबर, बगलेतली शिवण: प्रत्येक जागी चिमटीत किती पदर येतात ते मोजते. अंगभर एक पदर, खिशापाशी दोन, कॉलरला फार तर तीन. त्याच्या पुढे गेलं की ते जॅकेट कोकणासाठी नाही, भले त्याचं कापड कितीही तलम असो. कॉलर नसलेला, साध्या पट्टीचा गळा मिळाला तर उत्तमच. पण मानेवर ऊन लागतं, तर मग स्कार्फ घ्यावा लागतो. मी पेस्टिंग नसलेली मऊ कॉलर निवडली. ती इस्त्रीनंतरही उभी राहत नाही, कुत्र्याच्या कानासारखी पडते. पडू दे.

आधीच घेतलेल्या जॅकेटचं काय करायचं? अस्तर काढता येतं. शिंपीकाकांनी माझं अर्ध्या तासात काढून दिलं, आतल्या शिवणींना ओव्हरलॉक मारलं. मात्र कापड मलमल असेल तर अस्तराशिवाय ते शिवणीत फाटतं. माझं फाटलं, खांद्यापाशी, पंधरा दिवसांत.

मग कापड कुठलं

तयार जॅकेटवर लिहिलेलं असो वा नसो, कापड विकणाऱ्याला जीएसएम विचारा, म्हणजे एका चौरस मीटरचं वजन किती ग्रॅम. अंदाजासाठी: मलमल पन्नास-सत्तरच्या घरात, केंब्रिक ऐंशी ते शंभर, पॉपलीन ११० ते १३०, बारीक खादी त्याच्याच आसपास किंवा थोडी वर, ड्रिल-ट्विल दोनशेच्या पुढे, जीन्सचं कापड तीनशेच्या पुढे. स्कूटरवर रोज वापरायच्या बिनअस्तराच्या जॅकेटला ११० ते १३० मला बरोबर वाटतं. त्याच्या खाली वाऱ्याने फडफडून शिवणी सुटतात आणि ऊनही आत येतं. विरळ पांढरं कापड ओलं झालं की त्यातून ऊन आणखी आत शिरतं, हेही लक्षात असू द्या. त्याच्या वर गेलात तर पावसाळी हवेत वाळायला दोन दिवस.

मोठ्यांच्या मापाच्या जॅकेटला ४४ इंच पन्ह्याचं साधारण सव्वादोन मीटर कापड लागतं, म्हणजे अडीच चौरस मीटर. १२० जीएसएमने ते झालं ३०० ग्रॅम, त्यातून कातरण वजा. तयार जॅकेट स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून साडेतीनशे-चारशेच्या पुढे गेलं, तर समजा आत काहीतरी दडलंय.

वीण साधी, एक उभा एक आडवा, पॉपलीनसारखी. ट्विलमध्ये तिरक्या रेघा दिसतात. ते मजबूत असतं पण धागे दाट बसतात. माझं आत्ताचं कापड इचलकरंजीचं पॉपलीन आहे, कोल्हापूरला गेले होते तेव्हा आणलं. फोंडा घाट चढून कापडासाठी कोल्हापूर गाठणं ही सिंधुदुर्गातल्या लग्नघरांची जुनी रीत, मी एका जॅकेटसाठी गेले असं कुणी समजू नका. भाचीच्या साखरपुड्याची खरेदी होती. खादीही चांगली. हातसुताचा धागा कुठे जाड कुठे बारीक असतो, त्यामुळे कापड अंगाला सपाट चिकटत नाही. दोन ऑक्टोबरच्या सुमारास खादी भांडारात सूट असते तेव्हा घ्या.

शुद्ध सूत आहे का हे बघायला आतल्या शिवणीतला एक धागा ओढून घरी पेटवा. सूत कागदासारखं जळतं, वासही कागदाचा, राख बोटाने चुरगळते. पॉलिस्टर वितळून काळा टणक मणी होतो. दोन्ही झालं तर मिश्रण. "कॉटन फील", "कॉटन टच" असं लेबलवर असेल तर पेटवायचीही गरज नाही.

दुसरी चाचणी पाण्याच्या थेंबाची. कापडावर थेंब सोडा. पसरला तर ठीक. मोत्यासारखा बसून राहिला तर एकतर कापडाला खळ आहे, किंवा सुरकुत्या पडू नयेत म्हणून वरून राळेचा थर दिलाय. खळ दोन धुण्यांत जाते, तो थर जात नाही. "रिंकल फ्री" असलेलं सुती जॅकेट घाम शोषायला कुचराई करतं, मी ते घेत नाही. घरी धुतानाही स्टार्च नको आणि कपडे मऊ करणारं द्रव्यही नको. एकाने बुरशीला आयतं जेवण मिळतं, दुसऱ्याने धाग्यावर मेणचट थर बसतो.

रंगाचं मी थोडक्यात सांगते कारण त्यावर माझं मत बदलत राहतं. पांढरा उन्हात सगळ्यांत थंड, पण आमच्या लाल मातीत आठवड्यात बदामी होतो. काळा-निळा ऊन चांगलं अडवतो आणि तेवढाच तापतो. सध्या माझं फिकं राखाडी आहे.

माप आणि शिवण

जॅकेट अंगासरशी असेल तर कुठलंच कापड तुम्हाला वाचवणार नाही. घाम वाळायला कापड आणि कातडी यांच्यात हवा फिरावी लागते. छातीच्या मापावर पाच-सहा इंच लूज ठेवा, बगलेत चौबगला घालायला सांगा. चौबगला म्हणजे सदऱ्याच्या बगलेत असतो तो चौकोनी तुकडा; हात पुढे करून हँडल धरलं की पाठीवर कापड ताणलं जात नाही. पाठीवर योकच्या, म्हणजे खांद्यालगतच्या आडव्या तुकड्याच्या खाली एक आडवी फट ठेवून आत जाळी लावली तर वारा तिथून बाहेर पडतो, नाहीतर स्कूटरवर फुगा होतो. बाह्या मात्र मनगटाच्या पुढे पंजापर्यंत लांब हव्यात, अंगठ्यासाठी काज ठेवून.

शिंपीकाकांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, मग बाराबंदीच शिवतंय की. खरंच, आपल्या आज्या-पणज्यांच्या घरातल्या पुरुषांचा हा अंगावरचा कपडा या हवेला साजेसाच. एकपदरी सुती, समोर एकावर एक येणारी दोन पानं, बटण नाही, चेन नाही, बारा बंद. गंजण्यासारखं त्यात काहीच नाही. मला रोज सकाळी एवढ्या गाठी मारायला वेळ नाही म्हणून मी बटणांवर आले.

चेनबद्दल: लोखंडी ओढणी असलेली चेन समुद्रकाठी एका पावसाळ्यात गंजते आणि गंजाचा तपकिरी डाग कापडात कायमचा बसतो. प्लॅस्टिकच्या दातांची चालते, पण तिची ओढणीही बघून घ्या. चुंबक चिकटला तर ती लोखंडी आहे. टिचबटणांचंही तेच. मी साधी मोठी बटणं लावली, नारळाच्या करवंटीची. दिसायला हौस वाटते, पण कारण हौसेचं नव्हतं.

आणि शिवायला टाकण्याआधी कापड पाण्यातून काढा. रात्रभर भिजवून, न पिळता सावलीत वाळवून मगच शिंप्याला द्या. नवं सुती कापड पहिल्या धुण्यात मीटरमागे तीन-चार सेंटिमीटर सहज आटतं. तयार जॅकेट घेत असाल तर लेबलवर प्रीश्रंक किंवा सॅनफोराइज्ड, म्हणजे आधीच आटवलेलं, असं आहे का बघा. नसेल तर बाही दोन इंच लांबच घ्या.

डाग

काळे ठिपके ही बुरशी. ताजे असतील तर लिंबाचा रस चोळून कडक उन्हात दोन तास ठेवा, मग धुवा. जुन्या बायका लिंबाबरोबर मीठही चोळतात. गुण येतो, पण मीठ नीट निघालं नाही तर आपण पुन्हा पहिल्या पायरीवर, हे आता वेगळं सांगायला नको. महिनाभर जुने ठिपके धाग्यात उतरलेले असतात, ते फिके होतात, जात नाहीत.

बगलेतले पिवळे पट्टे घाम आणि डिओडरंटमधल्या ॲल्युमिनियमच्या क्षारांमुळे येतात. त्यावर क्लोरीनचं ब्लीच ओतलंत तर पिवळं आणखी गडद होतं आणि कापड जीर्ण होतं. धुण्याचा सोडा कोमट पाण्यात घालून तासभर भिजवा.

काजूच्या बोंडाच्या रसाचा डाग पडला असेल तर मी काही सुचवत नाही. एप्रिलमध्ये काजूच्या बागेत जाताना जॅकेट घरी ठेवावं.

कधी वाळवायचं

हे मला लहानपणी भूगोलात शिकवलं होतं आणि मी फक्त परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. रात्री आणि सकाळी वारा जमिनीकडून समुद्राकडे जातो, ते मतलई वारे. दिवस चढला की उलटा, समुद्रावरून जमिनीकडे, ते खारे वारे. पावसाळा सोडला तर बाकीच्या महिन्यांत सकाळचा वारा कोरडा आणि दुपारनंतरचा ओला नि खारट असतो. मी वर्षानुवर्षं कामावरून आल्यावर संध्याकाळी कपडे धुवून समुद्राच्या बाजूच्या दोरीवर टाकत होते, म्हणजे खाऱ्या वाऱ्याच्या तोंडी.

आता जॅकेट रविवारी उजाडताच धुते, घराच्या खाडीकडच्या बाजूला, उलटं करून, बाह्या दोन्हीकडे पसरून वलणीवर घालते. दुपारचं जेवण होईपर्यंत काढून घरात घेते. सूर्य मावळेपर्यंत बाहेर ठेवलं तर दिवसभराची कमाई शेवटच्या तासात जाते. सुती कापड उन्हात वाळलं की गरम असतानाच घडी घालून कपाटात टाकू नका, थोडं निवू द्या.

पावसात सुती जॅकेट नकोच

कोकणात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्यात सुती जॅकेट घालणं म्हणजे अंगावर पोतेरं घेऊन फिरणं. सूत भिजलं की आपल्या वजनाहून जास्त पाणी धरतं आणि श्रावण येईपर्यंत ते नीट वाळत नाही. जूनपासून मी सरळ रेनकोट घालते, आत उकडलं तरी. 

जे दमट हवेत फार घामाघूम होतात, दिवसभर बाहेर उभे राहून काम करतात, त्यांना मी शंभर टक्के सूत घ्याच असं म्हणणार नाही. माझा दीर मासळीच्या लिलावावर असतो. तो सूत-पॉलिस्टर मिश्रणाचा पातळ शर्ट घालतो, कारण तो तासाभरात वाळतो. त्याचं त्याच्यासाठी बरोबर आहे. वास लवकर मारतो ही त्याची अडचण, आमचीही.

जॅकेट बांधून ठेवायचं ते मृग लागायच्या आधी, मे संपता संपता. दोनदा गोड्या पाण्यातून काढा, कॉलर जिभेला लावून खात्री करा, दोन दिवस सकाळच्या उन्हात वाळवा, सावलीत निवू द्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करू नका, आत राहिलेली ओल बाहेर पडायला वाट लागते. जुन्या सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळा, सोबत वेखंडाचा तुकडा किंवा कापूर कापडात बांधून टाका, आणि कपाटात सगळ्यांत वरच्या फळीवर ठेवा. खालच्या फळीला जमिनीची ओल येते. लोखंडी ट्रंक असेल तर आतून कागद घाला.

गेल्या मे महिन्यात ठेवलेलं राखाडी जॅकेट मी दसऱ्याला काढलं. डाव्या खिशापाशी, जिथे दोन पदर एकावर एक आहेत, तिथे चार ठिपके होते, बाकी स्वच्छ. या वेळी शिंपीकाकांना खिसा काढूनच टाकायला सांगितलाय. ते म्हणतात, मग मोबाइल खंय ठेवशात?